स्वस्त मदरबोर्ड आणि बिल्ट-इन ग्राफिक्स : दुकानात पैसे मोजण्याआधी एवढे वाचा



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या किनाऱ्यावर, जाळी दुरुस्तीला, आणि घरात मुलांच्या अॅडमिशनची गडबड. याच दिवसांत बऱ्याच घरी कॉम्प्युटरचा विषय निघतो. लॅपटॉप परवडत नाही म्हणून दुकानात जाऊन सुटे भाग जोडून डेस्कटॉप करून घ्यायचा, असा बेत ठरतो. बेत चांगलाच आहे. एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, पुढे थोडे थोडे वाढवताही येते. पण सुटे भाग घेताना एक अक्षर चुकले तरी पाच-दहा हजारांना फटका बसतो.

गेल्या वर्षी आपल्याच एका सभासदाच्या घरी हे झाले. मुलगी पॉलिटेक्निकला लागली. दुकानदाराने यादी करून दिली, दोन दुकानांत भाव विचारून जिथे स्वस्त मिळाले तिथे माल घेतला. घरी आणून जोडले, बटण दाबले, पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीनवर फक्त ‘नो सिग्नल’. वायर बदलली, टीव्हीला लावून बघितले, रॅम काढून परत घातली. काही नाही. बोर्डाला मागे एचडीएमआयचे भोक आहे, मग चित्र का येत नाही? शेवटी कळले की बोर्ड चांगला, रॅम चांगली, वायरही चांगली. प्रोसेसर तेवढा ‘एफ’ अक्षराचा दिला होता आणि त्यात ग्राफिक्सच नव्हते. पेटी फोडलेली म्हणून दुकानदार परत घेईना. वेगळे कार्ड विकत घ्यावे लागले आणि पहिला महिना मुलीने मैत्रिणीच्या घरी बसून काम केले.

दुकानदाराने फसवले असेही ठामपणे म्हणता येत नाही. स्वस्त मागितले, स्वस्त दिले. आपल्याला काय विचारायचे ते माहीत नव्हते. म्हणून आजचा हा धडा. एकदा सावकाश वाचा आणि घरातल्या मुलांनाही वाचायला द्या.

१) आधी डब्याच्या आत काय आहे ते समजून घेऊ

आपण ज्या उभ्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो तो नुसता डबा. त्याच्या आत एक मोठी हिरवी किंवा काळी पाटी असते, ती मदरबोर्ड. बाकी सगळे तिच्यावर बसते. प्रोसेसर म्हणजे काम करणारा मेंदू. रॅम म्हणजे काम चालू असताना सामान पसरून ठेवायची जागा. एसएसडी म्हणजे कायमची कोठी. एसएमपीएस म्हणजे वीज देणारा भाग.

ग्राफिक्स म्हणजे स्क्रीनवर चित्र तयार करणारा भाग. तो दोन प्रकारे मिळतो. एक, वेगळे कार्ड विकत घेऊन बोर्डावर बसवायचे. दुसरे, आधीच आत असलेले, ज्याला आपण बिल्ट-इन किंवा ऑनबोर्ड म्हणतो. अभ्यास, ऑफिसचे काम, ऑनलाइन वर्ग, सिनेमा, बँकेची कामे यांना बिल्ट-इन भरपूर पुरते. वेगळ्या कार्डाचे पैसे वाचतात, वीज कमी लागते आणि डबा गरम होत नाही.

२) ‘ऑनबोर्ड’ हा शब्दच घोटाळा करतो

पूर्वी हा शब्द बरोबर होता. १९९९ साली इंटेलचा ८१० नावाचा चिपसेट आला, त्यात ग्राफिक्स चिपसेटमध्येच होते. चिपसेट बोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे ग्राफिक्स खरोखरच बोर्डावर. पुढे जी३१, जी४१ असे बोर्ड आले. आपल्याकडच्या कितीतरी सायबर कॅफेत आणि शाळांत तेच होते. त्या काळी ‘ऑनबोर्ड ग्राफिक्सवाला बोर्ड द्या’ म्हटले की काम भागायचे.

नंतर चित्र बदलले. २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्स प्रोसेसरच्या पाकिटात आणले आणि २०११ मध्ये प्रोसेसरच्या त्याच चिपमध्ये घातले. एएमडीनेही २०११ मध्ये तसेच प्रोसेसर काढले, त्यांना ते एपीयू म्हणतात. तेव्हापासून मदरबोर्डात ग्राफिक्स नसते. बोर्डावर फक्त एचडीएमआय, व्हीजीए अशी भोके असतात. चित्र तयार होते प्रोसेसरमध्ये आणि बोर्ड ते बाहेर नेऊन देतो.

घरात नळ बसवला म्हणून पाणी येत नाही, वर टाकी पाहिजे. बोर्डाचे भोक म्हणजे नळ, प्रोसेसरमधले ग्राफिक्स म्हणजे टाकी. त्या मुलीच्या कॉम्प्युटरला नळ होता, टाकी नव्हती.

म्हणून पहिला नियम पाठ करा: बिल्ट-इन ग्राफिक्स बघायचे ते बोर्डावर नाही, प्रोसेसरच्या नावात.

३) नावातले शेवटचे अक्षर वाचायला शिका

इंटेलमध्ये: नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. आय३-१२१०० मध्ये आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. आय५-१२४०० मध्ये आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही. एफवाला थोडा स्वस्त असतो, म्हणून यादीत गुपचूप शिरतो.

एएमडीच्या एएम४ प्रकारात उलटे आहे. तिथे ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स आहे. रायझेन ५ ५६००जी मध्ये आहे. रायझेन ५ ५६०० मध्ये नाही. रायझेन ५ ५५०० मध्ये नाही. रायझेन ३ ३२००जी आणि अॅथलॉन ३०००जी मध्ये आहे.

एएमडीचा नवा प्रकार एएम५. त्यातल्या ७००० मालिकेत साधे ग्राफिक्स जवळपास सगळ्यांत आहे, पण ७५००एफ सारख्या ‘एफ’वाल्यांत नाही. ८५००जी, ८६००जी या ‘जी’वाल्यांत चांगले दमदार ग्राफिक्स आहे.

लक्षात ठेवायला सोपे: एफ म्हणजे नाही. एएम४ मध्ये जी नसेल तरीही नाही. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. ‘आय३ बारावी जनरेशन’ एवढेच लिहिलेले बिल घेऊ नका.

४) बाजारात कोणते बोर्ड दिसतात?

प्रत्येक बोर्डाच्या नावात चिपसेटचे नाव असते. उदाहरणार्थ, आसुस प्राइम एच६१०एम-के डी४ या नावात ‘एच६१०’ हा चिपसेट, ‘एम’ म्हणजे लहान आकाराचा बोर्ड आणि ‘डी४’ म्हणजे डीडीआर४ रॅम. एवढे वाचता आले की निम्मे काम झाले.

पहिला गट, फार जुने: एच६१ आणि एच८१. एच६१ हा २०११ चा आणि एच८१ हा २०१३ चा चिपसेट. हे आजही ‘नवीन’ म्हणून पेटीत घालून विकले जातात. बोर्ड नवा छापलेला असतो, काहींवर एम.२ ची जागाही दिलेली असते, पण चिपसेट आणि त्यात बसणारा प्रोसेसर जुना, वापरलेलाच. एच६१ ला मुळात यूएसबी ३.० नाही आणि साटा ३ गिगाबिटचाच. रॅम डीडीआर३, ती पुढच्या कुठल्याही बोर्डाला चालत नाही. सगळ्यात मोठी अडचण विंडोजची. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. एच६१ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसतो आणि एच८१ मध्ये चौथ्या. म्हणजे कंपनीच्या नियमाने विंडोज ११ त्यावर बसत नाही. ‘आम्ही घालून देतो’ म्हणतील, पण ते नियमाबाहेरचे. पुढचे अपडेट अडले तर दुकानदार घरी येणार नाही. फक्त बिले टाइप करायची आणि लिनक्स चालवायची तयारी असेल, आणि भाव अगदीच कमी असेल, तरच याचा विचार करा. मुलांच्या शिक्षणासाठी नको.

दुसरा गट, इंटेल एच६१०: हा २०२२ चा. यात बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. रॅमच्या दोन जागा. काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्हींची खाच वेगळी, एकाची रॅम दुसऱ्यात जात नाही. साटाच्या चार जागांची सोय चिपसेटमध्ये आहे. एम.२ एसएसडी पीसीआय ३.० वेगाने चालते, घरच्या कामाला तो वेग भरपूर.

तिसरा गट, एएमडी ए५२० आणि बी४५०: हे एएम४ प्रकारचे, डीडीआर४ रॅमचे. ए५२० आला २०२० मध्ये आणि बी४५० त्याच्या आधी २०१८ मध्ये. ए५२० मध्ये प्रोसेसरचा वेग हाताने वाढवता येत नाही, पण रॅमचा वाढवता येतो. याच प्रकारात बी५५० नावाचा महाग बोर्ड आहे. तो पीसीआय ४.० देतो असे सांगून विकतात. पण ५६००जी स्वतःच पीसीआय ३.० चा आहे. त्याच्यासोबत बी५५० घेऊन त्या गोष्टीचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

चौथा गट, एएमडी ए६२०: हा एएम५ चा सगळ्यात स्वस्त चिपसेट, २०२३ चा. रॅम फक्त डीडीआर५. सुरुवातीचा खर्च जास्त, पण पुढे नवे प्रोसेसर बसवायची सोय जास्त दिवस राहील.

५) आता खरी तुलना

डीडीआर४ मध्ये आपल्या बजेटला दोन जोड्या मुख्य: एच६१० सोबत आय३-१२१००, किंवा ए५२० सोबत रायझेन ५ ५६००जी.

आय३-१२१०० मध्ये ४ कोर, ८ थ्रेड आणि यूएचडी ७३० ग्राफिक्स. ५६००जी मध्ये ६ कोर, १२ थ्रेड आणि व्हेगा ७ ग्राफिक्स.

साधे काम म्हणजे वर्ड, एक्सेल, इंटरनेट, टॅली, ऑनलाइन वर्ग. यात दोघांत फरक जाणवत नाही. एका वेळी एकच काम असेल तर आय३ उलट चपळ वाटतो.

गेम आणि थ्रीडी ड्रॉइंग. यात व्हेगा ७ सरळ पुढे. कागदावरची ताकद धरली तर यूएचडी ७३० च्या साधारण तिप्पट. प्रत्यक्ष खेळताना तिप्पट मिळत नाही, कारण रॅमचा वेग आड येतो, पण फरक डोळ्यांना दिसतो. मुलगा आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला थ्रीडी डिझाइन शिकणार असेल तर हे धरून चला.

व्हिडिओ बघणे. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ नावाच्या नव्या पद्धतीत देते. यूएचडी ७३० ते स्वतः उलगडते. व्हेगा ७ ला ते जमत नाही, मग प्रोसेसरला जादा राबावे लागते. चालते, अडत नाही, पण पंखा जास्त फिरतो.

व्हिडिओ कापणे-जोडणे. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय आहे, ती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ लवकर तयार होतो. बाकी ठिकाणी ५६००जी चे दोन कोर जास्त असल्याचा फायदा.

पुढची वाढ. एएम४ आता जुना होत चालला. एच६१० मध्ये पुढे आय५-१४४०० पर्यंत जाता येते, पण तो प्रकारही चौदाव्या पिढीवर थांबला. २०२४ पासून इंटेलने नवे सॉकेट काढले आहे. म्हणजे या बाबतीत दोघे जवळजवळ सारखेच. पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार असेल आणि खिसा साथ देत असेल तर ए६२० सोबत ८५००जी किंवा ८६००जी.

६) रॅम एक नको, दोन हव्यात

ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, आणि बिल्ट-इन ग्राफिक्सला हीच सगळ्यात महत्त्वाची.

वेगळ्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. बिल्ट-इन ग्राफिक्सला स्वतःची काही नसते, ते आपल्या रॅममधूनच घेते. म्हणजे रॅम जितक्या वेगाने देईल तितकेच ते पळेल.

हिशेब बघा. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा, दर वेळी ८ बाइट देते. म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर लावल्या तर ५१.२ जीबी. जेटीवर होडी लागली आणि एकाच फळीवरून पाट्या उतरवल्या तर जेवढा वेळ लागतो, दोन फळ्या टाकल्या तर त्याच्या निम्मा. माल तेवढाच, माणसे तेवढीच.

म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. गेम आणि थ्रीडीत फरक लगेच दिसतो, व्हेगा ७ सारख्या ताकदवान ग्राफिक्सला तर फारच. आज पैसे कमी असतील तर ८ ची एक घ्या, पण दुसरी त्याच वेगाची नंतर घालायची जागा मोकळी ठेवा. बोर्डावर दोनच जागा असतील तर ४-४ च्या दोन घालू नका, नंतर काढून टाकाव्या लागतील. चार जागांचा बोर्ड हवा असेल तर एएमडीकडे मिळतात, उदाहरणार्थ गिगाबाइट ए५२०एम डीएस३एच. त्यात दोन पट्ट्या लावताना कोणत्या दोन जागांत लावायच्या ते बोर्डाच्या पुस्तकात दिलेले असते, तिथेच लावा.

अजून एक. बायोसमध्ये ग्राफिक्सला किती रॅम राखून ठेवायची ते ठरवता येते. एकूण ८ जीबी असेल आणि २ तिकडे राखली तर विंडोजला ६ च उरतात. ८ जीबीवाल्यांनी ते ‘ऑटो’वरच ठेवावे.

७) मागची भोके मोजा

घरात जुना मॉनिटर असेल तर त्याला बहुतेक निळे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीए असते. बोर्डावर व्हीजीए आहे का बघा. आसुस प्राइम एच६१०एम-के डी४ आणि प्राइम ए५२०एम-के या दोन्हींवर एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही आहेत. प्राइम एच६१०एम-ई डी४ वर त्याशिवाय डिस्प्लेपोर्टही आहे आणि एम.२ च्या दोन जागा आहेत. नावात एक अक्षराचा फरक आणि सोयीत एवढा फरक.

घरचा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणार असाल तर एचडीएमआयने चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात. टीव्ही ४के असेल तर बोर्डाचे एचडीएमआय कोणते ते विचारा. १.४ असेल तर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, माऊस हलवताना अडखळल्यासारखे वाटते. २.० किंवा त्यापुढचे हवे. साध्या फुल एचडी स्क्रीनला कोणतेही चालते.

स्वस्त बोर्डांवर वायफाय सहसा नसते, फक्त नेटवर्कच्या वायरीचे भोक असते. मोबाइलच्या नेटवर काम करायचे असेल तर यूएसबीचा छोटा वायफाय तुकडा वेगळा घ्यावा लागतो, किंवा मोबाइल यूएसबी वायरीने जोडून नेट द्यावे लागते. हा खर्च आधीच यादीत धरा.

८) बायोसची भानगड

बोर्ड दुकानात वर्षभर पडून असेल आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल तर दोघांची ओळख पटत नाही. आधी छापलेला एच६१० आणि चौदाव्या पिढीचा आय३, किंवा जुना बी४५० आणि ५६००जी, अशा जोडीला बायोस अपडेट लागू शकते. घरी आणल्यावर हे कळले तर परत चक्कर. म्हणून दोन्ही एकाच दुकानातून घ्या आणि तिथेच जोडून, चालू करून, स्क्रीनवर चित्र बघून मग पैसे द्या. गेल्या वर्षीच्या त्या घरी एवढे एक केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

९) आपल्याकडची खारी हवा

आपली घरे समुद्राला लागून. खिडकीची जाळी, पंख्याचे स्क्रू, गाडीचा सायलेन्सर, सगळ्यांचे काय होते ते आपल्याला नव्याने सांगायला नको. मदरबोर्डावर तर केसाएवढ्या तांब्याच्या रेषा असतात. मीठ मिसळलेली धूळ पावसाळ्यात ओल धरते आणि त्या ओलीतून वीज नको तिथे झिरपते.

- डबा समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. जमिनीवर नको, टेबलावर ठेवा.
- पावसाळ्यात एक-दोन दिवसाआड अर्धा तास तरी चालू करा. आतल्या उष्णतेने ओल जाते. महिनाभर बंद ठेवून एकदम चालू करणे वाईट.
- चालू होत नसेल तर आधी वीज पूर्ण बंद करून रॅम काढा, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा. बऱ्याच वेळा एवढ्यावरच सुरू होतो.
- तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर बोर्डावरची बटणासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला. स्वस्त असते.
- होडीच्या मशीनला मारतो तो गंजाचा स्प्रे बोर्डावर अजिबात मारू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ चिकटते.
- काही बोर्डांच्या मागच्या भोकांची पट्टी स्टेनलेस स्टीलची असते. दोन बोर्ड सारख्याच भावाचे असतील तर आपल्यासाठी तो बरा.
- वॉरंटीच्या अटी वाचा. गंज आणि पाणी यांची भरपाई सहसा मिळत नाही.

विजेचेही तसेच. दाब खालीवर होतो, पावसात वीज कडाडते. अर्थिंग तपासून घ्या, यूपीएस लावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस या कॉम्प्युटरला चालतो. एसएमपीएस मात्र डब्यासोबत फुकट मिळणारा घेऊ नका. बोर्ड जळतो तो बऱ्याचदा त्याच्यामुळे.

आणि स्वस्त बोर्डावर महाग प्रोसेसर चढवू नका. एच६१० च्या साध्या बोर्डांवर वीज सांभाळणाऱ्या भागांना थंड ठेवणारी धातूची पट्टीही बहुधा नसते. आय३, आय५ ला तो पुरतो. नावात ‘के’ असलेला आय७, आय९ त्यावर बसेल, पण गरम होऊन वेग पाडेल. लहान होडीला मोठे मशीन बसवले तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

१०) मग कोणी काय घ्यावे?

शाळेतली मुले, घरचे हिशेब, टॅली, इंटरनेट: एच६१० आणि आय३-१२१००. रॅम ८ जीबी, जमल्यास ८-८.

पॉलिटेक्निक, डिझाइन, थोडे गेम, वेगळे कार्ड घ्यायची ऐपत नाही: ए५२० आणि ५६००जी. रॅम ८-८ च्या दोनच, इथे काटकसर नको.

मुलगा-मुलगी इंजिनिअरिंगला, सहा-सात वर्षे कॉम्प्युटर टिकवायचा आहे: ए६२० आणि ८५००जी किंवा ८६००जी, डीडीआर५ च्या दोन पट्ट्या.

तिन्हींत एसएसडी हवीच. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज टाकले तर वरचे सगळे वाचलेले वाया.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. रॅम आणि एसएसडीचे भाव बाजारातल्या बांगड्यासारखे बदलतात. आज लिहिलेला आकडा तुम्ही दुकानात जाईपर्यंत खोटा ठरेल. एका भागाचा भाव नको, पूर्ण संचाचा १८ टक्के जीएसटीसह भाव तीन ठिकाणी विचारा.

११) दुकानात नेायची चिठ्ठी

ही कागदावर उतरवून घ्या:

१. प्रोसेसरचे पूर्ण नाव काय? एफ आहे का? एएम४ असेल तर जी आहे का?
२. बोर्डाचे पूर्ण नाव आणि चिपसेट काय?
३. रॅम डीडीआर४ की डीडीआर५? किती जागा? दोन पट्ट्या लावून देणार का?
४. मागे एचडीएमआय आणि व्हीजीए आहे का? माझ्या मॉनिटरला कोणते लागते?
५. एम.२ ची जागा आहे का?
६. प्रोसेसर पेटीबंद आहे की सुटा? सुट्याची वॉरंटी फक्त दुकानदाराची असते, ती तो किती दिवस देणार?
७. बोर्डाची वॉरंटी किती वर्षे, आणि सर्व्हिस सेंटर कुठे? आपल्या गावापासून किती लांब?
८. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिणार का?
९. इथेच चालू करून दाखवणार का?

नवव्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले तर नमस्कार करून बाहेर पडा.

होडीला लाकूड घेताना आपण हात फिरवून, ठोकून, गाठी मोजून घेतो. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी न बघता पैसे देत नाही. कॉम्प्युटर घेताना मात्र ‘आपल्याला काय कळते’ म्हणून मान खाली घालतो. या चिठ्ठीतले नऊ प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. वाचता येणारे कोणीही विचारू शकते, आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार वेगळा माल दाखवतो, हा अनुभव तुम्हीही घ्या.

यादी करून झाली की दुकानात जाण्याआधी एकदा ऑफिसात दाखवायला या. सकाळी दहा ते एक मी असतो. मुलांना सोबत आणा, वापरणार ती आहेत. आणि ज्यांच्या घरी यंदा कॉम्प्युटर घ्यायचा आहे त्यांच्यापर्यंत हा लेख पोचवा.

आपला,
सचिव